गावरान पाहिजे, पण गायरान?

पुण्यातून साताऱ्याकडे निघा नाहीतर नगरकडे, हायवेच्या कडेला दर दोन किलोमीटरवर पाटी लागते. ‘अस्सल गावरान मटण’, ‘चुलीवरची गावरान कोंबडी’, ‘गावरान थाळी, रस्सा अनलिमिटेड’. एके ठिकाणी मी ‘गावरान बॉयलर’ अशीही पाटी वाचली आहे, आणि लिहिणाऱ्याने विनोद केला नव्हता. गावरान म्हणजे चांगलं आणि त्याच्याकडे बॉयलर होता, इतकं सरळ होतं ते.

त्या पाटीवर हसून झालं की जरा आपल्याकडे बघावं. ह्या एका शब्दासाठी आपण किलोमागे शे-दोनशे रुपये जादा मोजतो. जनावर कुठे चरलं, त्याच्या मालकाच्या हातात किती पडले, हे मात्र विचारत नाही. ‘आपल्या भागात, आपल्या माणसांनी वाढवलेलं मांस घ्या’ असं सांगणारे अलीकडे वाढलेत. कुणाला तब्येतीची काळजी आहे, कुणाला पृथ्वीची, कुणाला शेतकऱ्याची. मीही त्यांच्यातलाच, त्यामुळे हे भांडण थोडं घरातलंच आहे. माझं म्हणणं असं, की आपण दुकानाच्या काट्यापाशी जे शोधतोय ते तिथे ठरतच नाही. ते गावाबाहेरच्या माळावर ठरतं. गावरान खायचं तर गायरान, म्हणजे गावाची सामाईक चराऊ जमीन, लागतं, आणि गायरानाचा विषय निघाला की आपण ताटातला रस्सा ओरपत बसतो.

माझं गाव माण तालुक्यातलं, सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी कोपऱ्यातलं. माझ्या लहानपणी तिथे मटणाचं दुकान नव्हतं. मटण विकत आणायचं नसायचं, वाटा घ्यायचा असायचा. आखाड लागला, जत्रा आली, शेताच्या देवाला राखण द्यायची असली की दहा-बारा घरं मिळून एक बोकड ठरवायची. गावचे मुसलमान बलुतेदार मुलाणी यायचे, हलाल करायचे, आणि मग पानांवर वाटे पडायचे. प्रत्येक वाट्यात थोडी मांडी, थोडी बरगडी, थोडी चरबी, काळजाचा एकेक तुकडा. बोकड कुणाच्या दावणीचा, त्याची आई दुधाला कशी होती, गेल्या पावसाळ्यात तो फुगून मरता मरता कसा वाचला, हे वाटा घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत. आजच्या भाषेत ह्याला ‘ट्रेसेबिलिटी’ म्हणतात आणि त्यासाठी क्यूआर कोड लावतात.

ह्या आठवणीला मी फार कवटाळत नाही. त्या वाट्यांत जातही होती. मुंडी कुणाची, वजडी कुणाची, कातडं कुणाचं हे ठरलेलं असे, आणि काही घरं वाट्याला बसूच शकत नसत. शिवाय वशाट महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मिळे. ते दिवस परत आणा असं मी म्हणणार नाही. पण त्या पद्धतीत एक गोष्ट होती जी आज हरवली आहे: खाणारा आणि पाळणारा एकमेकांना ओळखत होते, आणि बोकड ज्या माळावर चरला तो माळ दोघांच्या नजरेसमोर होता.

आधी कोंबडी घेऊ, कारण तिथे फसवणूक सगळ्यात जास्त आणि गणित सगळ्यात सोपं. परसातली देशी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. मध्येच खुडूक बसते, पिल्लं काढते, त्यातली काही घार नेते, काही मुंगूस नेतो. तलंग, म्हणजे अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, दीड किलोची व्हायला पाच-सहा महिने जातात. बॉयलर चाळीस दिवसांत दोन किलोच्या वर जातो. आता पुण्यात एका रविवारी जेवढी ‘गावरान’ खपते, तेवढी खरोखर परसात पोसायची तर किती खुराडी लागतील, ह्याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. मग ताटात येतं ते काय? डीपी क्रॉस, कावेरी, सोनाली. रंगीत पिसांचे, शेडमध्ये गोणीतलं खाद्य खाऊन वाढलेले संकरित पक्षी. नाहीतर अंड्यावरून उतरलेली म्हातारी लेअर, जिचं मांस चिवट लागतं आणि चिवट म्हणजे गावरान अशी आपली समजूत असल्याने ती खपून जाते. संकरित जातींना मी नावं ठेवत नाही. बेंगळुरूची गिरिराज, हैदराबादची वनराज ह्या तर परसातल्या पालनासाठीच मुद्दाम तयार केल्या गेल्या, आणि बायाबापड्यांच्या हातात त्यांनी चार पैसे दिले. खोटं आहे ते पाटीवर.

अंतर हेच माप धरलं तर गंमत होते. पुणेकराला सगळ्यात जवळ वाढलेलं मांस बॉयलरचं मिळतं. देशातल्या कुक्कुटउद्योगाची एक राजधानीच पुणे आहे. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजचं मुख्यालय इथे, १९८२ मध्ये उभ्या राहिलेल्या अंडी समन्वय समितीचंही इथेच. शेड मावळात आणि जुन्नरात, मका-सोयाबीन आपल्याच राज्यातलं, शेडचा मालक मराठी शेतकरी. ह्याहून स्थानिक काय असणार? तरीही कुणी त्याला स्थानिक म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे. पिल्लाचं मूळ वाण अमेरिकन. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, पक्षी उचलायची तारीखही कंपनीची. शेतकऱ्याची जागा, शेड, वीज, पाणी आणि घरातल्या माणसांचे हात. त्याला मिळते ती किलोमागे ठरलेली मजुरी. आपल्याच शेतातल्या शेडवर तो मजूर असतो.

आणि फटका बसतो तेव्हा? फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात सापडला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या, आणि ज्यांच्या शेडपर्यंत रोग पोचलाच नव्हता त्यांचाही माल महिनोन्‌महिने कुणी घेईना. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा मोबाइलवर फिरली, तेव्हा शेतकऱ्यांनी जिवंत कोंबड्या फुकट वाटल्या, खड्ड्यांत पुरल्या. अफवा ओळखीच्या माणसाबद्दल चालत नाही. ज्या घरातून तुम्ही दर महिन्याला कोंबडी नेता, त्या घराला तुम्ही निदान एक फोन तरी करता.

बॉयलरबद्दल एक अफवा मात्र कायमची मुक्कामाला आहे, ‘हार्मोनची इंजेक्शनं देतात म्हणून फुगतो’. तसं नाही. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेकाला धरून इंजेक्शन टोचणं कुणाला परवडणार? तो वाढतो पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीमुळे आणि खाद्यामुळे. चिंता करायची तर प्रतिजैविकांची करावी. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले कोंबडीचे ७० नमुने तपासले, त्यातल्या ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. २०१९ च्या जुलैमध्ये केंद्राने खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिन ह्या प्रतिजैविकावर बंदी घातली, कारण माणसावर दुसरं काही चालेनासं झालं की डॉक्टर शेवटी त्या औषधाकडे वळतात. बंदी योग्यच. पण ती पाळली जाते का, हे दुकानातल्या पिंजऱ्याकडे बघून कळत नाही, आणि पिंजरा पाच किलोमीटरवरून आलाय की पाचशे, ह्याने त्यात फरक पडत नाही.

स्थानिक म्हटलं की सगळ्यांचं हित एकच, हेही खरं नाही. २०२१ मध्ये सोयाबीन कडाडलं तेव्हा ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जनुकसुधारित सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. लातूरचा सोयाबीनवाला खवळला, आणि खाद्य महागल्याने बुडणारा पोल्ट्रीवाला सुटकेचा श्वास टाकत होता. दोघेही आपलेच. ‘स्थानिकाला साथ द्या’ म्हणताना त्या दिवशी नक्की कुणाच्या बाजूने उभं राहायचं होतं?

पर्यावरणाच्या नावाने स्थानिक मांसाची भलामण करणाऱ्या मित्रांना मी दरवेळी एकच अभ्यास सांगतो आणि दरवेळी ते नाराज होतात. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या वेबर आणि मॅथ्यूज ह्या दोघांनी २००८ मध्ये हिशेब मांडला, की तिथल्या अन्नामागे जो कर्बभार आहे त्यात वाहतुकीचा वाटा सारा मिळून ११ टक्के, आणि शेतापासून दुकानापर्यंतच्या शेवटच्या प्रवासाचा फक्त ४ टक्के. बाकीचा भार अन्न पिकवण्यातच. आकडे त्यांचे आहेत, आपले रस्ते नि ट्रक वेगळे, पण मुद्दा बदलत नाही. रवंथ करणारं जनावर मिथेन सोडतं, मग ते म्हसवडचं असो की राजस्थानचं. हवामानाची काळजी असेल तर मटण कमी खावं, हा प्रामाणिक सल्ला. ‘जवळचं खा’ हा त्याचा स्वस्त पर्याय नाही. मी स्वतः आठवड्यावरून पंधरवड्यावर आलो, पण त्यात पृथ्वीइतकाच वाटा मटणाच्या भावाचा आहे.

मग जवळच्या मांसाच्या बाजूने बोलायला उरलं काय? माझ्या मते खूप काही, फक्त ते वेगळ्या खात्यावर जमा आहे.

एका बोकडाचा हिशेब करू. लोणंदला, आटपाडीला, चाकणला जा. शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात अजूनही बहुतेक व्यवहार नजरेच्या अंदाजावर होतात. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, पाठीवरून हात फिरवतो, कमरेपाशी चिमटीत धरून मांस चाचपतो आणि आकडा बोलतो. त्याचा हात म्हणजे वजनकाटाच, तीस वर्षांचा सराव आहे त्याला. विकायला आलेल्या बाईला तो सराव नाही. २४ किलोच्या बोकडाचं मटण निघतं साधारण ११-१२ किलो, मुंडी-पाय-वजडी वेगळी. हेड्याने २४ चे २१ धरले आणि जिवंत वजनाचा भाव किलोला चारशे धरला, तर बाराशे रुपये तिथेच गेले. बाईला ते कळतही नाही, कारण ती काट्यावर आलीच नाही. शहरात तेच मटण आपण ग्रॅमवर तोलून घेतो, आणि काटा थोडा हलला तरी दुकानदाराशी हुज्जत घालतो.

ती बाई विकते कधी, हेही बघा. जूनमध्ये, शाळेच्या आणि पेरणीच्या तोंडावर, किंवा घरात कुणी दवाखान्यात असलं की. बकरी ईदच्या आधी भाव चढतो हे तिलाही माहीत असतं, पण अडचण पंचांग बघून येत नाही. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात १ कोटी ६ लाखांच्या आसपास शेळ्या होत्या, आणि त्यातल्या कितीतरी अशा घरांत, जिथे एकर-दीड एकर जमीन आहे किंवा अजिबातच नाही. उस्मानाबादी शेळीचं कौतुक करतो ते तिच्या जुळ्यांसाठी. दोन करडं म्हणजे एक घरखर्चाला, एक अडीनडीला.

२०१९ च्या शेवटी कोल्हापुरात मटणाच्या दरावरून जे आंदोलन झालं ते आठवत असेल. दर पाचशेच्या पुढे सहाशेकडे निघाला आणि तांबड्या-पांढऱ्याचं शहर रस्त्यावर उतरलं. दुकानं बंद राहिली, समिती बसली, बैठका झाल्या. खवय्यांच्या ह्या लढ्यावर राज्यभर विनोद झाले, मीही एक-दोन पुढे पाठवले. पण तेव्हा वाचलेल्या बातम्यांत मला ग्राहक भेटला, विक्रेता भेटला, अधिकारी भेटला, मेंढपाळ भेटला नाही. त्याच्या दोन वर्षं आधी, २०१७ मध्ये, तेलंगणाने मेंढ्या वाटपाची मोठी योजना काढली होती, एका कुटुंबाला वीस मेंढ्या आणि एक नर. त्यासाठीची मेंढरं महाराष्ट्र-कर्नाटकातूनही खरेदी झाली. कोल्हापूरच्या रश्शाचा भाव हैदराबादच्या मंत्रालयाशी असा जोडलेला असतो. ‘आपलं मटण’ म्हणून मांडी ठोकण्याआधी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

मुंबईचं तर विचारूच नका. देवनारचा कत्तलखाना १९७१ पासून चालू आहे, आणि तिथे उतरणारा बोकड मोठ्या प्रमाणावर राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून ट्रकने आलेला असतो. गोव्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. मांस-मासळीवर जीव टाकणारं राज्य, उसगावला सरकारी मीट कॉम्प्लेक्स, पण गुरं येणार बेळगावच्या बाजूने. २०२१ च्या जानेवारीत कर्नाटकाचा गोहत्याबंदीचा कडक कायदा लागू झाला आणि गोव्यात गोमांसाचा तुटवडा पडला. ताट एका राज्यात आणि दावण दुसऱ्या राज्यात असली की दावणीचा कायदा ताटावर येऊन बसतो. आपल्याकडे मार्च २०१५ पासून बैल कापायलाही बंदी आहे. कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध बोलण्यासारखं पुष्कळ आहे, इथे एवढंच नोंदवतो: थकलेला बैल आपल्याच तालुक्यात विकला जाऊन आपल्याच तालुक्यातल्या गरिबाच्या ताटात जात होता, आणि त्याच्या पैशात शेतकरी नव्या खोंडाची सोय करत होता. स्थानिक मांसाची महती गाणाऱ्या लेखांत ते मांस कधी मोजलंच जात नाही.

आणि मग मार्च २०२५ मध्ये ‘मल्हार’ प्रमाणपत्र आलं. मंत्री नितेश राणे यांनी जाहीर केलेलं, हिंदू विक्रेत्यांच्या झटका, म्हणजे एका घावात कापलेल्या, मटणाच्या दुकानांसाठी. आपण मटण कुणाकडून घेतो ह्याचा विचार करा, असं त्यात आवाहन. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो खंडोबाचाच. ज्याची बाणाई धनगराची, ज्याच्या भंडाऱ्याने मेंढरांचे वाडे पिवळे होतात, त्या देवाचं नाव प्रमाणपत्रावर घातलं, आणि त्या प्रमाणपत्राला कापणाऱ्याचा धर्म ठाऊक पण पाळणाऱ्याचा वाडा ठाऊक नाही. बोकड कुठला, चरला कुठे, मेंढपाळाला काय मिळालं, ह्यातलं काही त्यावरून कळत नाही. जेजुरीतूनही ह्या नावाला विरोध झाला. आमच्या गावच्या जत्रेत देवाचा बोकड मुलाणीच कापत आले, आणि देवाने कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. ‘कुणाकडून घ्यायचं’ हा प्रश्न खरोखर महत्त्वाचा होता. तो सुरी धरणाऱ्या हाताशी नेऊन बांधला, की काठी धरणारा हात पुन्हा दिसेनासा होतो.

तो हात दिवाळीनंतर कोकणात दिसतो. माण-खटाव, फलटण, पारनेर भागातले धनगर घोड्यांवर बिऱ्हाड लादून, कोकरं पिंजऱ्यांत घालून घाट उतरतात. वाटेत शेतात मेंढरं बसवतात, रात्रभराच्या लेंडीखताचे शेतकरी पैसे किंवा धान्य देतो. पावसाळ्याच्या तोंडावर परत देशावर. ही दख्खनी मेंढी काटक, काळी, चालून चालून पायांत तार भरलेली. तिच्या लोकरीची घोंगडी आता कुणी घेत नाही, त्यामुळे मांस हेच तिचं उत्पन्न उरलंय. तिच्यावर कुठलंही प्रमाणपत्र नाही, आणि खाद्याच्या गोणीतला एक दाणा तिने खाल्लेला नसतो. गावरान ह्या शब्दाला आजही कुणी खरंखुरं जागत असेल तर ती.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ह्या मेंढीवर जे काम केलं ते ‘अस्सल’चा हट्ट धरणाऱ्यांनी वाचावं. बॉन निंबकर यांनी सुंदरबनातल्या गारोळ मेंढ्या आणल्या. अंगाने छोट्या, पण त्यांच्यात एक जनुक आहे ज्यामुळे जुळी कोकरं होतात. ते जनुक दख्खनीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. तेच जनुक ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत आहे, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून तिकडे गेलेल्या मेंढ्यांतून ते पोचलं असावं, असं अभ्यासक मानतात. तर फलटणच्या माळावर चरणारं हे कोकरू स्थानिक की बंगाली? धनगर हा प्रश्न विचारत नाही. त्याचं बघणं एवढंच, की कोकरू चालतंय का, आणि आईचं दूध दोघांना पुरतंय का.

आता गायरानाकडे येतो, ज्यासाठी हा सगळा वळसा घेतला. मेंढी असो, शेळी असो की परसातली कोंबडी, तिला मोकळी जागा लागते. शेळी माळावर बोरी-बाभळीचा पाला ओरबाडते, आपल्याला न पचणारं खाऊन मांस करते, म्हणून तिचं पालन भूमिहीनाला परवडतं. चारा विकत घ्यायचा म्हटलं की हिशेब मोडतो आणि शेळी शेडमध्ये जाते. शेडमध्ये गेली की भांडवलवाल्याची होते.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंह विरुद्ध पंजाब सरकार ह्या निकालात गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा असं सांगितलं. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातल्या गायरानांचा विषय आला, तेव्हा सुमारे दहा हजार हेक्टरांवर दोन लाखांहून अधिक अतिक्रमणं असल्याचं पुढे आलं. लगेच नोटिसा, लगेच मोर्चे. आणि इथे माझं ‘गायरान वाचवा’ अडखळतं. कारण त्या अतिक्रमणांत फार्महाऊसही आहेत आणि दलित-भूमिहीनांची खोपटीही आहेत. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले ते अशाच पडीक, सरकारी जमिनींसाठी. ज्या गावाने वाट्याला बसू दिलं नाही, त्या गावाच्या माळावर कुणी चार चर खणून ज्वारी पेरली असेल, तर त्याला मी माझ्या मटणाच्या चवीसाठी हुसकावून लावा म्हणणार का? नाही म्हणणार. फार्महाऊसवाल्याला म्हणेन.

पर्यावरणवाद्यांच्या आवडत्या गावांचीही एक बाजू आहे. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार इथल्या कामाबद्दल मला आदर आहे, डोंगर हिरवे झाले, विहिरींना पाणी आलं. पण तिथल्या सूत्रांत एक चराईबंदी होती. माळ वाचला आणि शेळ्या कमी झाल्या. शेळ्या ज्यांच्याकडे होत्या, ती बहुधा विहीर नसलेली घरं. शेळी डोंगर बोडका करते हा आरोप अगदीच खोटा नाही. पण आळीपाळीने चराई, काही पट्टे बंद आणि काही खुले, असं नियोजन होऊ शकतं, आणि मेंढपाळांना ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना विचारायचं कुणी, एवढाच प्रश्न.

नवा भाडेकरू आहे सौरऊर्जा. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी जमिनी दिल्या जातात, त्यात गायरानंही आहेत. रात्री दोन वाजता साप-विंचवातून पाणी धरायला जाणाऱ्याला दिवसाची वीज काय असते ते मला कुणी सांगायला नको, माझे चुलते त्यातच गेले. म्हणून योजनेला विरोध करताना जीभ जड होते. पण कुंपण पडतं ते ज्या जागेवर कुणाचं नाव नाही तिथे, आणि नाव नसलं तरी तिथे रोज चारशे पाय चरत असतात.

गेल्या वर्षी आमच्या पुण्याच्या सोसायटीत आम्ही सहा घरांनी वाटा करायचं ठरवलं. गावाकडच्या ओळखीच्या एका धनगर आबांचा बोकड, वजनावर, त्यांच्या दारात काटा लावून. आबा काट्याकडे संशयाने बघत होते. आकडा बघून म्हणाले, “एवढं भरतंय व्हय? मग आजवर आमी दान करत हुतो म्हणा की.” कापायचा कुठे हा पहिला घोळ. तालुक्याला धड कत्तलखाना नाही, डॉक्टरची तपासणी नाही, शेवटी तिथल्याच एका खाटकाच्या दुकानात जागा मिळाली. दुसरा घोळ वाट्यांचा. सहाही घरांना मांडी आणि चाप हवे होते. मुंडी कुणी घेईना, पाय कुणी घेईना, वजडी साफ करायला कुणाला वेळ नव्हता. सगळा खर्च धरून किलो दुकानापेक्षा महाग पडला. पुढच्या वेळी दोन घरांनी माघार घेतली, आणि त्यांच्यावर मी रागावू शकलो नाही.

तरी चार घरं उरली होती, म्हणून ह्या आखाडात मी आबांना फोन लावला. बोकड आहे का विचारलं. ते म्हणाले, निम्मी मेंढरं दिवाळीतच काढली, शेळ्या तर दोनच ठेवल्यात दुधापुरत्या. माळावर तारेचं कुंपण आलंय, आत काचा लावल्यात, बाहेरून वळसा घालून कुसळाच्या पट्टीत जायचं तर दोन कोस पडतं आणि गुडघे चालत नाहीत.

“मग आता करायचं काय, आबा?”

“तुमाला मटान पायजे ना?” ते म्हणाले. “बाजारात बघा की. राजस्थानचा माल लई भारी येतोय म्हणत्यात.”